खाली बसून बघायचा टीव्ही

"बसा. आधी खाली बसा, मगे बोला."

हे म्हणताना ते उजव्या हाताचा तळवा हवेत असा खाली दाबायचे की समोरचा माणूस नकळत गुडघ्यांत वाकायचा. तुमच्या हातात प्रसादाचं ताट असो नाहीतर तोंडात कुणाच्या मयताची खबर असो, त्यांच्या पुढच्या खोलीत उभं राहायची सोय नव्हती. कारण त्या खोलीत टीव्ही होता, आणि तो उभ्या माणसाला दिसत नसे.

तुम्हाला हे खोटं वाटेल. पण कपाटाएवढा, पाठीमागून पडद्यावर चित्र टाकणारा तो जुना टीव्ही ज्यांनी कुठे पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल. समोर खाली बसलं की चित्र लख्ख. उठून उभं राहिलं की त्याच चित्रावर एकदम संध्याकाळ. भिंतीकडे सरकलं तरी तेच. त्यात ह्यांनी तो स्टुलावर वगैरे न ठेवता सरळ जमिनीवर उभा केलेला, त्यामुळे खुर्च्यांचा प्रश्नच मिटला होता. चटई अंथरलेली असायची, आणि चटईवर सगळे सारखे.

मी त्यांना काका म्हणत असे. नातं काही नव्हतं, मध्ये फक्त एक कुंपण होतं. मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांत शिरणारी एक पाणंद आहे, तिच्या टोकाला त्यांचं घर आणि अलीकडे आमचं. आमच्या घरात आई आणि मी. वडील गेलेले, भाऊ अमेरिकेत, आणि मी गावातल्या शाळेत शिकवायला. काका उभा जन्म जहाजावर होते, पण डेकवर नव्हे, खाली इंजिनात. "दर्यार गेलंय खरो, पण बघूक खंय? तेलात नि धगीत आयुष्य गेला," असं ते सांगत. समुद्रावर राहून समुद्र न पाहिलेला आमच्या वाडीतला तो एकच माणूस असेल.

शेवटच्या फेरीत सिंगापूरच्या एका दुकानात त्यांनी तो टीव्ही पाहिला आणि तिथेच पाय रोवून उभे राहिले. म्हणजे बसले असतील. ती गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आता मीही तिथे होते असं मला वाटतं. पडद्यावर अळूचं एक पान होतं, पानावर पाण्याचा थेंब आणि थेंबात अख्खं आभाळ. मग एका बाईचं तोंड. "डोळ्याचे केस गो! एकेक केस सुटो दिसा होतो." दुकानातल्या माणसाने सांगितलं, हे एचडी. काकांनी मागचा-पुढचा विचार केला नाही. आयुष्यभर जे डोळ्यांनी बघायचं राहून गेलं ते सगळं आता घरी बसून असंच दिसणार, एवढंच त्यांना कळलं.

टीव्ही मुंबईहून ट्रकने कणकवलीपर्यंत आला आणि पुढे मासळीच्या टेम्पोतून. दारातून तो आत जाईना. शेवटी खिडकी चौकटीसकट काढली, खालचे चिरे उतरवले आणि वाडीतल्या रापणकरांनी जाळं ओढावं तसा तो ओढून आत घेतला. काकींनी त्याला पुढून-मागून बघितलं आणि विचारलं, "ह्या कपाटाक खण खंय?" पुढे कितीतरी दिवस टीव्हीला बांगड्याचा वास येत होता. वाडीतली मांजरं येऊन पडद्यासमोर ओळीने बसायची. काकांना त्यांचं मोठं कौतुक. "बघा, हेंका कोणी सांगूक नाय, तरी खाली बसली."

आमच्याकडे होडी पाण्यात घालताना, घराचा पाया काढताना, लग्नाला निघताना देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष हात जोडून मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. टीव्ही सुरू करायच्या आधी काकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि इंजिनरूममध्ये कमावलेल्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! सात समुदर पार करून ह्यो डबो आमच्या दारात इलो आसा."

"होय म्हाराजा!"

"तांबडो, हिरवो, निळो ही तीन भावंडां एका घरात नांदूदे."

"होय म्हाराजा!"

"लायटीक जावची बुद्धी होव नको."

हा होय म्हाराजा सर्वांत जोरात झाला.

"आणि जो कोण उभो ऱ्हवान बघीत, तेका खाली बसाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग बटण दाबलं. आणि पडद्यावर एवढ्या मोठ्या मुंग्या आल्या. मुंग्यांच्या पलीकडे कोणीतरी बातम्या सांगत होतं. आमचा केबलवाला जे चित्र पाठवायचा ते छोट्या टीव्हीवर चालून जायचं. मोठ्या पडद्यावर त्याचं सगळं पितळ उघडं पडलं. एचडी टीव्ही होता, पण एचडी चित्र आपल्याकडे यायलाच लागलं नव्हतं, आणि ते कधी येणार हे मालवणातच काय, मुंबईतही कोणी सांगेना. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. काकांनी सगळ्यांकडे वळून शांतपणे सांगितलं, "ह्यां हेचां खरां रूप न्हय."

हे वाक्य पुढे कित्येक वर्षं आम्ही ऐकलं. मॅच लागो, सिनेमा लागो, गणपतीची आरती लागो. "बरां दिसता," असं कोणी म्हणालं की हे लगेच, "बरां आसा, पण ह्यां हेचां खरां रूप न्हय. तां येतलां." काकी आतून म्हणायच्या, "तेचां खरां रूप येईसर माझां जातलां!" आणि बाहेर सगळी चटई हसायची. काकाही हसायचे. पण कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, त्यांनी एक तीन रंगांच्या तोंडांची वायर प्लास्टिकच्या पिशवीसकट जपून ठेवली होती. खरं चित्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी ती लागणार होती. त्या दिवसाचा बेतही ठरलेला. सगळ्या वाडीला बोलवायचं, नारळ फोडायचा, शिरा करायचा, आणि पहिलं चित्र बघायचं ते समुद्राचं.

रोज संध्याकाळी टीव्ही लागायच्या आधी त्यांचं एक काम असे. त्या टीव्हीच्या पोटात तांबडी, हिरवी आणि निळी अशी तीन वेगवेगळी चित्रं तयार होतात आणि ती पडद्यावर एकमेकांवर बरोबर बसावी लागतात. आमच्याकडची वीज कधी जोरात, कधी मंद, त्यात खारा वारा. रोज कुठला तरी रंग घसरलेला असायचा, बहुतेक तांबडा. मग बातम्या देणाऱ्या बाईच्या ओठांच्या बाजूला आणखी एक ओठ दिसायचा. काका रिमोट घेऊन मांडी घालून बसायचे आणि पडद्यावरच्या रेघा एकमेकींवर आणत तांबड्याला ओरडायचे. "खंय गेललंस? घराकडे ये. ये ये, हय, आजून जरा... आता कसो शाणो झालंस!" रेघा एक झाल्या की पांढऱ्या दिसायच्या. ते पांढरं होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पडद्याला तर कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. काकींना एकदा तो फडक्याने पुसताना बघून ते असे किंचाळले की पलीकडे माझ्या हातातून चहाचा कप पडला.

त्या खोलीचं मला सगळ्यात काय आवडायचं सांगते. ट्रॉलरवाले एक शेठ होते, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालणारे. एकदा मॅच बघायला आले आणि दारातच उभे राहिले. बसायची त्यांना लाज वाटत असावी. "काय हो, हय तर काळोखच आसा," म्हणाले. पुढे बसलेली एक मासे विकणारी बाई मान न वळवता म्हणाली, "खाली बसा शेठ, उजेड पडतलो." काकांनी तळवा दाबला. शेठ तिच्या शेजारी, मासळीच्या टोपलीला टेकून बसले आणि मॅच संपेपर्यंत उठले नाहीत.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण माझं काकांशी जे आहे ते आईमुळे आहे.

आईला साखरेचा आजार होता. त्याने तिच्या डोळ्यांची वाट लावली. आधी तांदळातले खडे दिसेनासे झाले, मग पोथीची अक्षरं, मग माणसांची तोंडं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आहे ते जपा, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही फार दिवस राहील असं नाही. आईने बाहेर आल्यावर विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "नातीचां तोंड बघूक गावला म्हणजे झाला." माझ्या भावाला तिकडे अमेरिकेत मुलगी झाली होती. फोटो यायचे. आई फोटो खिडकीपाशी न्यायची, डोळ्यांना टेकवायची, तिरका धरायची आणि माझ्या हातात परत द्यायची. "गोरी आसा मां?" असं विचारायची. मी हो म्हणायचे. त्या हो म्हणण्याचा मला फार राग यायचा.

काकांना हे कळलं आणि एका संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "वयनी, माझ्याकडे येवा. माझो पडदो मोठो आसा."

"मोठो असान काय भावोजी, मुंगयेच मां?"

"मोठे मुंगये दिसतले!"

आई हसली आणि गेली. काकांनी तिला पडद्यासमोर अगदी मधोमध, स्वतःच्या जागेवर बसवलं, पडद्यापासून हातभर अंतरावर. आई मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "टिकली! ह्या बाईन टिकली लावल्यान हा. हिरवी." कितीतरी महिन्यांनी तिला कोणाच्या तोंडावरचं काही दिसलं होतं. मी मागे बसले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांनी फार बरं केलं.

त्या दिवसापासून ती जागा आईची झाली. काकांनी तिच्यासाठी एक पाट ठेवला, त्यावर काकींच्या जुन्या लुगड्याची घडी. आई नसली तरी तिथे कोणी बसत नसे. काका स्वतः भिंतीकडे सरकले, जिथून चित्र काळोखं दिसतं तिथे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीसमोर. मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "माका काय, खरां रूप येतला तेवा बघान."

मग भावाचं पत्र आलं की मे महिन्यात तिघं येतोय. आई रोज विचारायची, मे किती राहिला. पण माझ्या भावजयीला पुन्हा दिवस गेले, डॉक्टरांनी विमान नको म्हटलं, आणि एवढ्या लहान मुलीला आईपासून तोडून आणणं भावाला जमेना. तो एकटाच आला. येताना नवा कॅमेरा घेऊन आला, त्यात मुलीची चित्रं भरलेली. आल्याआल्या त्याने ती आमच्या छोट्या टीव्हीवर लावली. आई टीव्हीला नाक लावून बसली. त्या पडद्यावर ती चिमुरडी इकडून तिकडे पळत होती, आणि आईला पांढरं काहीतरी हलताना दिसत होतं. "बरी आसा हो. गुणाची आसा," ती म्हणाली. माझा भाऊ न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून राहिला.

दुसऱ्या दिवशी काका शहाळी घेऊन त्याला भेटायला आले. टेबलावरचा कॅमेरा त्यांनी हातात घेतला, चष्मा वर केला, त्यावरची अक्षरं वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"ह्यो... ह्यो तसलो?"

"हो काका, एचडी."

"बस," काका म्हणाले. भाऊ बसलेलाच होता.

भावाला त्यांच्या टीव्हीची सगळी कथा मी फोनवर सांगितलेली होती. तो उत्साहाने म्हणाला, "काका, उद्या सकाळी आपण किनाऱ्यावर जाऊ. समुद्राचं शूटिंग करू, तुमचा मुहूर्त करून टाकू. सगळ्या वाडीला बोलवा."

काकांनी कॅमेरा जपून खाली ठेवला. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं. आई तिथे हाताने चाचपत गुळाचा डबा शोधत होती.

"दर्या खंय पळता?" ते म्हणाले. "वयनीचे डोळे पळतत. आधी चेडू, वयनीची नात. वाडी नको, कोण नको. उद्या दुपारी वयनीक घेवन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते तांबड्याच्या मागे लागले होते. काकींनी खिडक्यांना चादरी लावून काळोख केला. बिस्किटांचा डबा उघडला आणि ती वायर पिशवीतून बाहेर आली. पाटावर आई, मागे मी आणि भाऊ, दाराशी काकी, आणि भिंतीकडे काका. मी म्हटलं, "काका, आज तरी पुढे बसा. तुमी कितकी वर्सां वाट बघल्यात." त्यांनी तळवा खाली दाबला. मी बसले. मग त्यांनी हात जोडले. एवढ्याशा खोलीत, हळू आवाजात.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या माऊलीक तिच्या नातीचां तोंड दाखय रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. भावाने नुसते हात जोडले.

आणि चित्र आलं. तुम्हाला कसं सांगू? मुंग्या नाहीत, धुकं नाही. घराच्या पायरीवर एक मुलगी बसली होती आणि कॅमेऱ्याकडे बघत होती, खोलीभर मोठी. तिच्या गालावर केळ्याचा लगदा लागलेला होता. केसांतून ऊन येत होतं. ती काही बोलली, हसली, जीभ बाहेर काढली.

आईने मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. पाट सोडून पुढे सरकली. मला वाटलं, नाही दिसत.

"हनयेर तीळ आसा," आई म्हणाली. "डावीकडे. तुमच्या बापाशीचो तीळ."

माझ्या वडिलांच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ होता. मी इतके फोटो बघितले, मला तो कधी दिसला नव्हता; भाऊ तर तो रोज बघत होता, पण तो वडिलांचा आहे हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. भाऊ उठून पडद्याजवळ गेला आणि "हो गं, हो," म्हणत तिथेच बसला. आईने हात पुढे केला आणि पडद्यावर, त्या गालावर, तळवा ठेवला. काकी दारातून "अगो!" म्हणाल्या. पडद्याला हात!

"लावा वयनी," काका म्हणाले. "लावा हात. तुमचीच आसा ती."

सगळं पुन्हा पुन्हा लावून झाल्यावर आई पाटावरून उठली. "भावोजी, आता तुमी बसा." काका नको नको म्हणत होते. आईने त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं. भावाने पहिल्यापासून लावलं. काका त्या परक्या पोरीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चष्मा भरून आला, आणि तो पुसायच्या भानगडीत न पडता ते मला म्हणाले, "डोळ्याचे केस दिसतत गो."

समुद्राचंही चित्र घेतलं, वाडी जमली, शिरा झाला, मांजरांनाही मिळाला. पण ते सगळं नंतर.

आईची नजर पुढच्या वर्षी पूर्ण गेली. पण ते तोंड तिच्यापाशी राहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नातीचं वर्णन करून सांगायची, केळ्यासकट, आणि सांगताना कधी अडखळली नाही. भाऊ दरमहा पैसे पाठवायचा, मी तिचं दुखणंखुपणं बघायचे. पण तिला जे हवं होतं ते काकांनी दिलं. एवढ्या वर्षांची वाट बघून आलेलं खरं चित्र त्यांनी आधी तिच्यापुढे ठेवलं. ह्या उपकाराची फेड मला जमलेली नाही आणि जमावी असं वाटतही नाही. काही माणसांच्या ऋणात राहण्यात सुख असतं.

काका गेले ते एका सकाळी, चहा मागून, तो यायच्या आधी. काकींनी टीव्हीवर साडी टाकली. मुंबईला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा आला, भिंतीवर लावायचा चपटा टीव्ही घेऊन देतो, हे धूड काढून टाकूया, म्हणाला. काकी म्हणाल्या, "खिडकी कोण काढतलो?" विषय संपला.

आणि ते गेल्यानंतरच आपल्याकडे एचडी आलं. खरंखुरं, डिशवरून. काकींनीच हट्टाने ते जोडून घेतलं आणि वाडीला निरोप धाडला. सगळे आले. मासे विकणारी बाई आली, शेठ आले. मी आईला हात धरून घेऊन गेले. माणूस वायर जोडून गेला होता, पण बटण दाबायला कोणी पुढे होईना. आम्ही सगळे नुसते उभे होतो. नव्या चित्राच्या दिवशी गाऱ्हाण्याशिवाय तो टीव्ही कधी लागलाच नव्हता, आणि ते घालणारा माणूस नव्हता. शेठनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालणं हे पुरुषांचं काम. बाईने घातलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आईने माझा हात सोडला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ज्या माणसान ह्यो डबो सात समुदर पार करून हाडल्यान, तेका जय असात थय पुढची जागा गावांदे."

मग मासे विकणारी बाई म्हणाली, "होय म्हाराजा." आणि मग सगळी खोली.

"तेच्या डोळ्यांक दर्या दिसांदे."

"होय म्हाराजा!"

काकींनी बटण दाबलं. चित्र आलं, स्वच्छ, झगझगीत, काकांनी सिंगापूरला बघितलं होतं तसं. फक्त कडेला तांबडा रंग बोटभर बाहेर आला होता.

"तांबडो घराकडे इलो काय गो?" आईने विचारलं.

"नाय आई. भायरच आसा."

"आसांदे," ती म्हणाली. तिने उजवा हात पुढे केला आणि तळवा हवेत खाली दाबला, थेट त्यांच्यासारखा. "बसा. आधी खाली बसा सगळी."

आम्ही सगळे बसलो.